नर्सरी

एप्रिल महिन्यात रात्री जेवता जेवता मी सहज म्हटलं की यंदा चिंगीला नर्सरीत टाकून देऊ, तर बाबांचा घास हातातच राहिला. म्हणे, "कोन्त्या नर्सरीत? शेंदुरजन्याच्या?"

आता आमचं गाव पडलं अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यात. इकडे चार एकर संत्रा असलेल्या माणसासमोर नर्सरी म्हटलं की त्याला शेंदुरजनाघाटच्या कलमाच दिसतात, लेकरू नाही दिसत. मी म्हटलं बाबा, कॉन्व्हेंटची नर्सरी. (आमच्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे चर्च-बिर्च काही नसते, जिथं लेकराच्या गळ्यात टाय अन आयकार्ड असते ते सगळं कॉन्व्हेंट, मग गेटवर गजानन महाराजाचा फोटो का असेना.) बाबांनी घास गिळला अन म्हणाले, "मंग तयारी केली काय? जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला म्हंजे कलम झालं असं नाही. उचलून डायरेक्ट उन्हात गाडलं त जयते ते."

बस. एवढ्या एका वाक्यावर आमच्या घराचा अख्खा उन्हाळा गेला.

पहिले मी पुण्याच्या साळ्याला फोन लावला. तो आयटीत आहे अन त्याला कशातलंही समजते. त्यानं अर्ध्या तासात अकरा व्हिडिओ पाठवले. पहिल्याच व्हिडिओतली बाई सांगत होती की लेकराशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, त्याच्या मनातली भीती ओळखा. मी लगेच आंगणात चिंगीसमोर उकिडवा बसलो, गुडघा कटकन वाजला, चिंगीनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं अन विचारलं, "पप्पा, काय हारपलं?" अन मग दोघंही दहा मिनिटं काहीतरी शोधत बसलो.

त्या व्हिडिओंमधूनच मला समजलं की हे केजीचं प्रकरण फ्रोबेल नावाच्या जर्मन माणसानं १८३७ साली सुरू केलं अन १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन नाव दिलं, म्हणजे लेकरांची बाग. मी हे बाबांना मोठ्या खुशीत सांगितलं, वाटलं नव्या जमान्याची गोष्ट आहे, ऐकतील. बाबा म्हणे, "मंग मी काय येगळं सांगून राहिलो होतो?" अन थोड्या वेळानं, "कितीक एकर होती त्याची?"

मे महिन्यात वरुडात ऊन ४५ वर गेलं की माणूस बाहेर पडत नाही, म्हणून आम्ही घरातच शाळा भरवली. ओसरीत कुलर, कुलरसमोर सतरंजी. बायको मॅडम झाली, माझी माय अन चिंगी विद्यार्थी, मी चपराशी. पहिल्या दिवशी "मे आय कम इन" शिकवलं. मायला ते इतकं आवडलं की ती स्वयंपाकघरात जातानासुद्धा म्हणायला लागली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू साखर मागायला आल्या तर त्यांनाही तिनं दारातच अडवून म्हणायला लावलं. चिंगी मात्र तिसऱ्या दिवशी मॅडमच्या खुर्चीवर चढली अन म्हणाली, "चूप! तोंडावर बोट!" हे ती कुठून शिकली ते मी विचारलं नाही, आमच्या घरात असं म्हणणारी व्यक्ती एकच आहे अन तिच्या हातचं मला रोज जेवायचं असते.

खरी भानगड नावाची होती. कागदावर आमच्या पोरीचं नाव आराध्या. बारशाच्या दिवशी ठेवलं अन त्यानंतर फक्त आधार कार्ड काढताना वापरलं. बाकी सगळं गाव तिला चिंगी म्हणते, बैलसुद्धा तिच्या चिंगी नावावर कान टवकारतो. मी रोज संध्याकाळी हजेरी घ्यायला लागलो, "आराध्या?" ती चूप. "अवं आराध्या?" ती मागं वळून पाहायची की कोणी आलं काय. शेवटी एक दिवस तिला माझी दया आली असावी, म्हणाली, "पप्पा, ते नाही येत रोज. तू मले घे ना."

मे संपता संपता तालुक्याच्या शाळेत नेलं. तिथं मॅडमनं जन्मतारीख पाहून सांगितलं की ३१ डिसेंबरच्या हिशोबानं नर्सरी नाही, डायरेक्ट केजी वन. बाबांना हे कळल्यावर एक वर्ष वाचलं म्हणून फार आनंद झाला, कलमाला एक वर्ष आधीच फळ लागावं तसा. मॅडम स्वभावानं चांगल्या. इंटरव्ह्यू वगैरे नाही, नुसतं बोलू म्हणाल्या. चित्राचं पुस्तक उघडलं, केशरी गोल फळ दाखवलं अन विचारलं, "बेटा, हे काय आहे?"

दोन महिने आम्ही घोकून घेतलं होतं, ओ फॉर ऑरेंज. मी श्वास रोखला. चिंगीनं चित्र जवळ घेतलं, नीट पाहिलं अन म्हणाली, "आंबिया."

मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे संत्र्याचे दोन बहार असतात, मृग अन आंबिया. एवढ्यात चिंगीनं पुस्तकाच्या पानाला हात लावून पुढचं सांगितलं, "पर गळून राहिला." हे मात्र खरं होतं, त्या आठवड्यात उन्हानं झाडाखाली सडा पडला होता अन घरात दुसरा विषय नव्हता. मला उलसं वाईट वाटलं अन उलसा अभिमानही वाटला, मॅडमनं वहीत काय लिहिलं ते दिसलं नाही.

मग डब्बा. मी वरुडच्या बाजारातून चारही बाजूंनी क्लिप लागणारा, आत वरण सांडत नाही असा डब्बा आणला. वरण खरंच सांडत नव्हतं, कारण ते बाहेरच येत नव्हतं. चिंगीच्यानं उघडला नाही, बायकोच्यानं उघडला नाही, मायनं विळ्याच्या मुठीनं ठोकून पाहिला. दुसऱ्या दिवशी मी पान्हा आणला तेव्हा झाकण उडून थेट कुलरच्या टाकीत गेलं.

हे सगळं आमच्या अंगणवाडीच्या बाई वेशीजवळून जाता-येता पाहत होत्या. एक दिवस त्या आत आल्या, पाणी प्याल्या अन म्हणाल्या, "भाऊ, हे काय लावलं तुमी? चिंगी त माह्याकडं वर्षभरापासून येऊन राहिली. एकटी येते, आपली ताटली आपन धुते."

आता हे आमच्या डोक्यातच नव्हतं. चिंगी अंगणवाडीत जाते म्हणजे खिचडी खायला जाते असा आमचा समज. बाई म्हणाल्या, खिचडी त खातेच, पण दोन तास माय-बापाशिवाय बसते, दुसऱ्याले खेळनं देते, रांगेत उभी राहते, मंग अजून काय पाह्यजे? अन मग बाईंना जोर आला, त्यांच्या ट्रेनिंगमधलं सगळं निघालं. सरकारनं ही अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू केली, पण त्याच्या तीस वर्षं आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक अन अनुताई वाघ यांनी तिकडे पालघरकडच्या बोर्डीला खेड्यातल्या लेकरांची बालवाडी काढली होती, अन लेकरं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या आंगणात नेली, तेच हे अंगणवाडी. "अन तुमी," बाई म्हणाल्या, "आंगन सोडून कुलरसमोर बसले."

त्यांनी सांगितलेलं काम अगदी फालतू वाटावं असं होतं. तो किल्ल्यासारखा डब्बा फेका, साधा दाबाच्या झाकणाचा घ्या अन घरी रोज त्यातच जेवू द्या. चड्डीचं बटण काढून इलास्टिक लावा. दुकानात बिस्कीटपुड्याले एकटीले पाठवा, म्हणजे अनोळखी माणसाशी बोलते. अन पहिल्या दिवशी चोरून पळू नका, टाटा करा अन निघा, पाय घुटमळू देऊ नका. अन शी-सू लागली त मोठ्यानं सांगता आलं पाह्यजे, कारण पोट्टे रडतात ते अर्ध्या वेळा त्याच्यासाठीच रडतात.

हा शेवटचा मुद्दा आम्ही फारच मनावर घेतला. घरात ती "लागली वं" म्हणून आंगणात पळते, हे तालुक्याच्या मॅडमला कसं समजावं? म्हणून साळ्याला विचारून एक शुद्ध वाक्य ठरवलं, "मे आय गो टू टॉयलेट". जून महिनाभर चिंगीला ते वाक्य म्हटल्याशिवाय आंगणात सोडलं नाही. म्हटलं की दार उघडायचं, नाही म्हटलं तर नाही. पंधरा दिवसांत वाक्य असं बसलं की झोपेत बडबडायला लागली.

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, आमच्याकडे ऊन उतरेपर्यंत म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. पहिल्या दिवशी आठ वाजता शाळेची मॅजिक गाडी दारात आली. टाटा करा अन निघा असं ठरलं होतं. पण मायनं ओवाळलं, दही-साखर दिलं, मग मिरच्या-मीठ उतरवून टाकलं, मग बाबांना आठवलं की बैलाचं दर्शन राहिलं, मग फोटो, मग पुण्याच्या मामाला व्हिडिओ कॉल, तिथं रेंज जाईना का येईना. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसला. चिंगी मॅजिकच्या खिडकीत बसून आम्हाला म्हणाली, "जा ना आता तुमी!"

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून फोन. "तुमच्या मुलीच्या पायातून रक्त येतंय." मी बागेतून तसाच फटफटीवर निघालो, चिखलात दोनदा घसरलो, पोहोचलो तर चिंगी झोक्यावर. झालं असं होतं की उजवा-डावा बूट ओळखता यावा म्हणून मायनं कोणाला न सांगता उजव्या बुटात कुंकू भरून ठेवलं होतं. सकाळी पहिला दमदार पाऊस आला, बूट भिजला अन पांढरा मोजा लाल झाला. डाव्या बुटात हळद होती, तो मोजा मॅडमनं पाहिला तेव्हा त्यांना पहिले कावीळच वाटली.

पुढचा आठवडा कोणाचा फोन नाही. डब्बा रिकामा येत होता, पाण्याची बॉटल हरवत नव्हती, रडणं तर नाहीच. बाबा गावात सांगत फिरायला लागले की कलम धरलं.

तेराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज फार काळजीचा. "आराध्याला काही त्रास आहे का हो? दिवसातून दहा-बारा वेळा टॉयलेटला जाते. प्रत्येक वेळी इतकं व्यवस्थित विचारते की नाही म्हणता येत नाही." घरात सुतक पडल्यासारखं झालं. माय म्हणे नजर लागली, बायको म्हणे किडनी, साळा पुण्याहून म्हणे स्ट्रेस. वरुडला डॉक्टरकडे नेलं. कंपाउंडरनं सॅम्पलची बाटली दिली तर पोट्टीनं त्यालाही "मे आय गो टू टॉयलेट" म्हटलं अन त्यानं "यस" म्हणेपर्यंत हललीच नाही. रिपोर्ट एकदम नॉर्मल.

घरी येताना फटफटीवर मी तिला पुढं टाकीवर बसवलं अन विचारलं, काऊन वं, इतक्या खेपा काऊन जाते तू तिकडं? तर म्हणाली, "तठीसून जेसीबी दिसते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. बाथरूमकडं जायच्या गॅलरीतून मागचा नाला दिसतो अन नाल्यात खरंच खोलीकरण चालू होतं, पिवळी जेसीबी, ते मोठं तोंड चिखलात घालते, वर उचलते, ट्रॉलीत फेकते, ट्रॉली हलते, बाजूनं बगळे. मी किती वेळ पाहत होतो मला माहीत नाही. मॅडम मागून "भाऊ? भाऊ?" म्हणून राहिल्या होत्या.

मी सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, गुरुवारपर्यंत ती एकटी जात होती, आता अख्खा वर्ग विचारतो. सत्तावीस लेकरं. ज्यांना दोन आठवडे शिकवून "गुड मॉर्निंग" येत नव्हतं तेसुद्धा हे वाक्य आता चुकत नाहीत. एकानं तर काल मावशींना विचारलं अन मावशींनी विचारलं कशाचं टॉयलेट, तर तो म्हणे, जेसीबीचं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही एवढं विचारून या, काम कधी संपतं ते." मी नाल्यावर उतरलो. जेसीबीवरचा पोट्टा बिडी पीत बसला होता. म्हटलं भाऊ, अजून किती दिवस? तो म्हणाला, "माह्यं काय, सोमवारपर्यंत. मंग पोकलेन येते."

मी वर येऊन मॅडमला सोमवार सांगितला. पोकलेनचं नाही सांगितलं.