पाण्यात घातल्याने पोलादातला कचरा जात नाही

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'पोलाद जितकं झटपट थंड, तितके दाणे बारीक, इन्क्लुजन कमी आणि माल टणक. कास्टिंग लाल असतानाच पाण्यात घाला. मोठे कारखाने कंटिन्युअस कास्टिंगला पाणीच वापरतात.' कास्टिंग म्हणजे साच्यात ओतून केलेला भाग आणि इन्क्लुजन म्हणजे पोलादात अडकलेला कचऱ्याचा बारीक कण. मी अंबडला धातूचे नमुने तपासतो. हे वाचून कुणी खरंच कास्टिंग बुडवेल, या काळजीने लिहितोय.

दाण्यांचं म्हणणं पोलाद गोठत असतानापुरतं खरं आहे. वितळलेल्या पोलादात झाडासारखे फांद्या फुटलेले स्फटिक, म्हणजे डेंड्राइट, वाढतात. थंड होण्याचा वेग आठपट केला, तर फांद्यांमधलं अंतर साधारण निम्मं होतं, म्हणजे रचना बारीक होते. पण हे सगळं १५०० ते १४०० अंश सेल्सियसच्या आसपास उरकतं. साच्यातून लाल निघालेलं कास्टिंग केव्हाच गोठलेलं असतं. पाण्याने त्याच्या डेंड्राइटची एक फांदीही हलत नाही. बदलतं ते ऑस्टेनाइट, म्हणजे लाल तापलेल्या पोलादातली स्फटिकरचना. पुरेसा कार्बन असेल तर झटपट थंड झाल्यावर त्याचं मार्टेन्साइट, म्हणजे फार टणक रचना, होते. माल टणक होतो खरा, पण ठिसूळही, आणि जाड-पातळ भाग जिथे मिळतात तिथे तडा जातो.

इन्क्लुजनचं म्हणणं मात्र साफ चूक आहे. ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, कण साच्यात जन्मत नाहीत. लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेल्या पोलादाच्या भांड्यात, विरघळलेला ऑक्सिजन काढायला ॲल्युमिनियम टाकतो, तेव्हाच ते बहुतेक तयार होतात. त्यांना वर तरंगून स्लॅगमध्ये, म्हणजे वरच्या मळीच्या थरात, जायला वेळ हवा. तरंगण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो: १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण १० मायक्रॉनच्या कणापेक्षा शंभरपट वेगाने चढतो. बारीक कण आधीच मागे राहिलेले असतात. धातू लवकर गोठला की ते जागच्या जागी अडकतात. मँगनीज सल्फाइडची, म्हणजे मँगनीज आणि गंधकाच्या संयुगाची, गोष्ट वेगळी. ते डेंड्राइटच्या फटीत उरलेल्या शेवटच्या द्रवात तयार होतं, त्यामुळे वेगाने गोठवल्यास त्याचे कण लहान आणि जास्त होतात. ते चांगलंच. पण गंधक तेवढंच राहतं. ते कमी करायचं तर ओतण्याआधीच.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे तुटलेला शाफ्ट आला होता. ओतणाऱ्याने 'माल पटकन थंड केलाय' असं अभिमानाने सांगितलं होतं. तुटीची सुरुवात पृष्ठभागाखालच्या ॲल्युमिनाच्या रांगेतून झाली होती.

राहिलं कंटिन्युअस कास्टिंग, म्हणजे साच्यातून पोलादाची सलग पट्टी ओढत ओतणं. तिथे पाणी तांब्याच्या साच्यामागून वाहतं, द्रव पोलादाला लागत नाही. पुढचे फवारेही मोजून मारतात. जास्त झाले तर तिथेही तडे जातात.

मोठी फोर्जिंग, म्हणजे तापवून ठोकून घडवलेले भाग, तर मुद्दाम सावकाश थंड करतात, नाहीतर आत अडकलेल्या हायड्रोजनने बारीक भेगा पडतात.

शंका असेल तर नमुना आरशासारखा पॉलिश करा, ॲसिड न लावता १०० पट मोठा करून बघा. बुडवण्याआधी आणि नंतर, इन्क्लुजन तेवढीच दिसतील.