थरच्या वाळूत सूर्यफूल उगवेल, पण दाणा भरेल का?

एक दावा मोबाइलवर सारखा पुढे ढकलला जातोय: "सूर्यफुलाला ऊन लागतं, पाणी जवळपास लागत नाही. थरच्या वाळवंटात लावा, खाद्यतेलाची आयात बंद!"

आधी पाणी, कारण खरा घोळ तिथेच आहे. सूर्यफुलाचं सोटमूळ दीड-दोन मीटर खोल जातं, हे खरं. पण तिथे त्याला ओल सापडायला हवी ना? चांगल्या उत्पादनाला हंगामात ६०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं, आणि जैसलमेरचा वर्षभराचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास. सोलापूर-लातूरची भारी काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते, म्हणून रब्बीत करडई नुसत्या ओलीवर येते. वाळू पाणी धरत नाही. कळी लागताना, फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना ताण बसला, तर झाड उभं दिसतं, पण मळणीला निघतात पोचट दाणे. तेल झाडात नसतं, दाण्यात असतं.

"ऊन जितकं जास्त, तितकं बरं" हेही चूक. सूर्यामागे फिरते ती कोवळी कळी. उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं. फुलोऱ्यात उन्हाचा कडाका वाढला की परागकण निकामी होतात. शिवाय परागीभवनाला मधमाश्या लागतात. त्या कमी असल्या की आपल्याकडे सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून एकेका फुलावरून फिरवतात. हे काम मी फार मोलाचं मानतो, पण ते शेकडो हेक्टरांवर होणारं नाही.

"इंदिरा गांधी कालवा आहे की!" आहे, तो थरपर्यंत पाणी आणतो, आणि त्या पाण्यावर सूर्यफूल येईलही. पण मग ते बागायती पीक झालं, 'बिनपाण्याचं' कुठे राहिलं? त्याच कालव्याखाली काही ठिकाणी पाणी साचून जमीन खारावली आहे; तिकडे त्याला 'सेम' म्हणतात. कमी पाण्यात तेल हवं तर तिथला शेतकरी मोहरी आणि तिच्याच कुळातलं तारामिरा हे तेलबियांचं पीक पिढ्यान्पिढ्या घेतोच आहे.

राहिली आयात. १९९०च्या दशकात देशात सूर्यफूल २० लाख हेक्टरांच्या वर होतं, आज ते काही लाखांवर आलंय. जमीन कमी पडली म्हणून नाही. आयात केलेल्या स्वस्त तेलाने भाव पाडला, नेक्रोसिस रोगाने पीक नेलं, उरलेल्या दाण्यांवर पोपटांचे थवे बसले. कर्नाटकातली आणि मराठवाड्यातली ती शेतं अजून तिथेच आहेत, आता त्यांत सोयाबीन आणि तूर उभी असते.