कंपवाताच्या संशोधनाचा खर्च कोणी करायचा?

सोलापुरात आमच्या कॉलनीतल्या वडाच्या पारावर गेल्या गुरुवारी जो वाद झाला, त्याची सुरुवात अण्णांनी खिशातून काढलेल्या एका कागदापासून झाली. त्यांच्या वडिलांना सात वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. सही जुळत नाही म्हणून त्यांचा ठेव मोडण्याचा अर्ज बँकेने त्या दिवशी परत केला होता. आम्ही तो कागद हातोहात पाहिला. सहीतले पहिले अक्षर ज्वारीच्या दाण्याएवढे होते आणि पुढची अक्षरे बारीक होत होत शेवटचे मोहरीएवढे उरले होते. या आजारात अक्षर असेच आक्रसत जाते. घरात उंबरठ्यापाशी आले की त्यांचे पाय जमिनीला खिळतात. अण्णांनी तिथे फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत आणि त्या ओलांडायच्या म्हटल्या की पाऊल बरोबर उचलते.

“सरकारने या रोगाच्या संशोधनावर स्वतंत्र पैसा खर्च केला पाहिजे,” असे अण्णा म्हणाले आणि मास्तरांनी लगेच हरकत घेतली. ज्या देशात क्षयाने अजून दरवर्षी लाखो माणसे मरतात, तिथे म्हातारपणाच्या आजाराला सरकारी तिजोरी उघडणे योग्य नाही; औषध कंपन्या नफ्यासाठी का होईना, संशोधन करतातच आणि परदेशात लागलेला शोध आज ना उद्या आपल्याकडे येतोच, असे त्यांचे म्हणणे होते.

मी औषधांचे दुकान चालवतो, त्यामुळे या मुद्द्यावर मला गप्प बसवेना. मेंदूतील डोपामिन, म्हणजे हालचालींचे संदेश पोचवणारे रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हा आजार होतो. ती उणीव भरून काढणारा उपचार खऱ्या अर्थाने हाती आला तो 1967 मध्ये, जेव्हा डॉक्टर जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाची, म्हणजे मेंदूत ज्यापासून डोपामिन बनते त्या पदार्थाची, मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्णांमध्ये मोठी सुधारणा घडवून दाखवली. आणि हे काम झाले ते अमेरिकन सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत. त्याच उपचारातून आलेली लेव्होडोपाची गोळी आजही माझ्या दुकानातून रोज जाते. इतकी वर्षे लोटली तरी पेशींचे मरणे थांबवणारे, सिद्ध झालेले औषध मात्र माझ्या फळीवर नाही.

परदेशातला शोध आपोआप आपल्या उपयोगी पडतो, हेही पूर्ण खरे नाही. एलआरआरके-2 या जनुकातील ज्या बदलामुळे अश्केनाझी ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतील अरब लोकांमध्ये हा आजार बराच आढळतो, तो बदल भारतीय रुग्णांमध्ये अगदी क्वचित सापडतो. मग आपल्या माणसांना हा आजार कशामुळे होतो, याचा शोध आपल्याशिवाय कोण घेणार? मुंबईतील 14,010 पारशी लोकांची घरोघरी जाऊन केलेली पाहणी 1988 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात लाखामागे सुमारे 328 रुग्ण आढळले. ते काम मोलाचे आहे, पण तो एका छोट्या, शहरी समाजाचा आकडा आहे. त्यावरून आपल्या द्राक्षबागांतल्या माणसांविषयी काही बोलता येत नाही.

द्राक्षबागेचे नाव निघताच अण्णांचा आवाज चढला, कारण त्यांच्या वडिलांनी तीस वर्षे पाठीवर पंप बांधून फवारणी केली आहे. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी भेसळीचे अमली पदार्थ घेतले आणि थोड्याच दिवसांत त्यांची शरीरे कंपवाताच्या रुग्णांसारखी ताठरली. त्या भेसळीतील एमपीटीपी या रसायनापासून शरीरात जे विष तयार होते, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे आणि तेव्हापासून शेतीतील रसायनांवरचा संशय गडद झाला. फ्रान्सने तर 2012 मध्ये कीटकनाशकांच्या संपर्कात आलेल्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स हा व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य केला. संबंध दिसला म्हणजे अण्णांच्या वडिलांच्या आजाराचे कारण सिद्ध झाले, असे नव्हे, हे मास्तरांनी बजावले आणि ते रास्तच होते. परंतु ते सिद्ध करण्याचा किंवा खोडून काढण्याचा खर्च तणनाशक विकणारी कंपनी कशाला करील? ज्या प्रश्नाच्या उत्तरातून विकण्याजोगे काहीच निघत नाही, तो प्रश्न सरकारनेच विचारावा लागतो.

मास्तर बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनीच बार्शीची आठवण काढली. आपल्याच जिल्ह्यात 1987 पासून ग्रामीण भागातील कर्करुग्णांची रीतसर नोंदणी चालते. अशी ती देशातली पहिली. गावोगाव फिरून कर्करोगाची नोंद ठेवता येते, तर कंपवाताची का ठेवता येऊ नये? 2016 च्या कायद्याने पार्किन्सन्सला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले आहेच, मग निदान रुग्ण किती आणि कुठे आहेत, हे तरी सरकारला ठाऊक असायला हवे.

खासदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तिथेच पारावर लिहायला घेतला. द्राक्ष आणि उसाच्या तालुक्यांत कंपवाताची नोंदणी सुरू करावी, रुग्णांनी कोणती रसायने किती वर्षे हाताळली याची माहिती तिच्यात घ्यावी आणि या कामाला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत किमान दहा वर्षांचा निधी द्यावा, एवढ्याच मागण्या ठेवल्या. क्षयरोगाच्या तरतुदीतून एक रुपयाही वळवू नये, हे वाक्य मास्तरांनी स्वतःच्या हाताने घातले आणि अण्णांनी त्याला विरोध केला नाही.