‘फक्त खेळ बघा’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली, आणि दोन ओळींत उत्तर टाकू म्हणून बसलो ते हे एवढं झालं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर लिहायचं सोडून मी कीर्तन लावलंय, 19-20 वर्षांची पोरं आहेत ती, चुका करणारच, आपण शनिवारी मॅच बघावी आणि गप्प बसावं. आणि दुसरं, खेळाडूंच्या मैदानाबाहेरच्या वागण्यावरच्या माझ्या मूळ पोस्टमध्ये रेजी बुश आणि लॉरेन्स फिलिप्स या दोन जुन्या स्टार खेळाडूंना मी एकाच रांगेत बसवलं ते तुम्हाला खटकलं.

दुसरं आधी घेतो, कारण तिथे माझं चुकलंय. बुश यूएससीला (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) खेळत असताना त्याच्या घरच्यांनी एजंट होऊ बघणाऱ्या मंडळींकडून राहायला घर, पैसे असं बरंच काही घेतलं. कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम मोडला, कबूल, पण त्यात कोणाला खरचटलंसुद्धा नाही. त्यापायी 2010 मध्ये यूएससीवर दोन वर्षं बोल गेमची, म्हणजे सीझन संपल्यावरच्या मानाच्या मॅचची, बंदी आली, 30 स्कॉलरशिप गेल्या आणि बुशने 2005 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, सोडून दिली. पुढे 2021 च्या जुलैपासून पोरं आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे उघड उघड घ्यायला लागली, तेव्हा सगळ्यांना कसंनुसं व्हायला लागलं, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये ट्रॉफी त्याला परत दिली. आणि गंमत बघा, हाइझमनवाले आपल्या उद्देशातच सचोटी हा शब्द मिरवतात, पण विजेत्यांच्या यादीतून नाव गेलं ते एकट्या बुशचं. 1968 चा विजेता ओ. जे. सिम्पसन 2008 मध्ये सशस्त्र दरोड्यात दोषी ठरला, त्याचं नाव जिथल्या तिथे!

आता फिलिप्स. इथे मी तसूभर मागे येत नाही. नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा खेळाडू, 1995 चा सप्टेंबर. मिशिगन स्टेटविरुद्ध 206 यार्ड पळाला आणि त्याच रात्री उशिरा आपल्या आधीच्या गर्लफ्रेंडला मारहाण केली, जिन्यावरून ओढत खाली नेलं. सहा मॅच बाहेर बसवला, मग परत घेतला. कोच टॉम ऑस्बर्न यांचं म्हणणं होतं की हा पोरगा लहानपणापासून ग्रुप होममध्ये (घर सुटलेल्या मुलांच्या संस्थेत) वाढलेला, फुटबॉल काढून घेतलं तर त्याच्या आयुष्यात शिस्त म्हणून काही उरणारच नाही. पूर्वी मला हे ऐकून हसू यायचं. आता येत नाही, कारण माणूस ढोंगी वाटत नाही आणि त्यांचं बरंचसं खरंही असेल. पण मग सराव करू द्या ना त्याला, टीमबरोबर जेवू द्या, कॉलेजात जाऊ द्या, स्कॉलरशिप राहू द्या, शिस्त तर तिथेच असते की, त्यासाठी फिएस्टा बोलमध्ये, सीझनच्या शेवटच्या मोठ्या मॅचमध्ये, बॉल कशाला हातात द्यायला हवा? दिला. 165 यार्ड पळाला, नेब्रास्का 62-24 जिंकली, नॅशनल चॅम्पियन. 2016 च्या जानेवारीत तो कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात मेला. त्या मुलीचं कॉलेज पुढे कसं गेलं हे मात्र मॅचच्या गप्पांमध्ये कधी निघत नाही.

‘पोरं आहेत, चुका करणारच’ हे मला मान्यच आहे हो. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेमिस विन्स्टनचंच घ्या, तुम्हीही त्याचं नाव काढलंय. 2014 च्या एप्रिलमध्ये हा हाइझमन विजेता पब्लिक्स नावाच्या वाणसामानाच्या दुकानातून खेकड्याच्या नांग्या घेऊन पैसे न देता बाहेर पडला, बिल सगळं मिळून बत्तीस-तेहेतीस डॉलर. 20 तास समाजसेवा, बेसबॉलच्या टीममधून (तो तेही खेळायचा) काही दिवस बाहेर, आणि देशभर जोक. सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या आवारात काहीतरी अश्लील ओरडला, तर आधी अर्धी मॅच आणि बोंबाबोंब झाल्यावर अख्खी मॅच सस्पेंड. क्लेमसनविरुद्धच्या त्या मॅचला गडी वॉर्मअपला फुल युनिफॉर्ममध्ये, पॅड्स वगैरे चढवून हजर! कोच जिंबो फिशर त्याला काहीतरी सांगतायत आणि हा मुकाट्याने आत जाऊन पॅड्स काढून परत येतोय, हे मी टीव्हीवर बघितलंय आणि आम्ही घरात सगळे पोट धरून हसलो होतो.

पण याच पोरावर 2012 च्या डिसेंबरमधला बलात्काराचा आरोप होता. त्याने तो कायम नाकारला, सरकारी वकिलांनी खटला भरला नाही आणि युनिव्हर्सिटीच्या सुनावणीतही तो दोषी ठरला नाही, तेव्हा तो दोषी असं मी म्हणत नाही, मूळ पोस्टमध्येही म्हटलेलं नाही. माझा प्रश्न त्याला नाहीच, मोठ्यांना आहे. जानेवारी 2013 मध्ये पोलिसांकडे त्याचं नाव आलं आणि सरकारी वकिलांकडे प्रकरण पोचलं नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सीझन जवळजवळ आटपत आल्यावर. खटला नाही हे 5 डिसेंबरला जाहीर झालं, 14 ला हाइझमन. पुढे 2016 मध्ये युनिव्हर्सिटीने त्या मुलीशी साडेनऊ लाख डॉलरवर तडजोड केली, चूक कबूल न करता. खेकड्यांचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता.

आपल्याकडे शाळेत पहिल्या नंबरच्या पोराने काच फोडली की ‘बॉल जरा जोरात लागला’, आणि शेवटच्या बाकावरच्याने फोडली की ‘उद्या पालकांना घेऊन ये’. तसंच आहे हे, फक्त इथे काचेचा दर स्टेडियमच्या तिकिटांवर ठरतो.

तुम्ही ओक्लाहोमाचे फॅन दिसताय म्हणून तुमच्या टीमच्या जो मिक्सनचंही सांगतो. 2014 मध्ये त्याने एका विद्यार्थिनीला तोंडावर ठोसा मारला, तिच्या चेहऱ्याची हाडं मोडली. पूर्ण सीझन बाहेर, स्कॉलरशिप चालू, नंतर दोन वर्षं खेळला. व्हिडिओ लोकांसमोर आला 2016 च्या डिसेंबरमध्ये, आणि मग कोच बॉब स्टूप्स म्हणाले की आजच्या घडीला असं झालं तर काढूनच टाकावं लागेल. अहो, पण तो व्हिडिओ त्यांनी 2014 मध्येच बघितला होता! ठोसा तोच, बघणारे वाढले एवढंच. खेळ बघा म्हणता, मी बघतोच, मिक्सन पळायला लागला की मीही खुर्चीतून उठायचो, आणि व्हिडिओ आल्यानंतरच्या त्यांच्या बोल गेमलाही एकदा उठलो. बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही.

असो. मूळ पोस्टमधला तो पॅरा आज रात्री बदलतोय, बुशचं नाव तिथून काढतोय आणि खाली तुमच्यामुळे दुरुस्ती केली असं लिहितोय. फिलिप्स तिथेच राहील. आणि क्लेमसनच्या त्या मॅचचा स्कोअर तुमचाच बरोबर, ओव्हरटाइममध्ये 23-17, मी 20-17 लिहून ठेवलं होतं.