पाणाड्याचा टक्का

साइट इंजिनिअरांना प्रोजेक्ट रिस्क ॲनालिसिस आलं पाहिजे, असं आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं. क्लास ऑनलाइन, रविवारी सकाळी. फी पगारातून कापली. सर्टिफिकेटनंतर इन्क्रिमेंटचं काय, तर ‘बघू’.

सर आम्हाला गावाच्या नावानंच हाक मारतात. परवा म्हणाले, “लातूर, तुमच्या प्रोजेक्टमधला एक धोका सांगा, टक्क्यांत.” उत्तर तयार होतं. काम किती दिवसांत होईल याचे तीन अंदाज : चांगला, चार वेळा नेहमीचा, वाईट, सगळ्याची बेरीज भागिले सहा. त्यावर मोंटे कार्लो नावाची पद्धत. मोनॅकोतल्या जुगाराच्या गावाचं नाव आहे ते. संगणक हजारो वेळा फासे टाकतो आणि आपण त्याचा आलेख काढतो.

मी माइक सुरू केला आणि त्याच वेळी घरमालकानं आणलेला पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन अंगणातून व्हरांड्यात आला. नारळ उभा राहिला तो नेमका माझ्या खुर्चीपाशी.

“उठा की सायब. तुमच्या बुडाखाली पाणी हाय.”

सगळ्या क्लासनं ऐकलं. सरांना उत्साह आला. “काका, शक्यता किती?”

काका लॅपटॉपात वाकले. “ऐंशी टक्के. तीन इंची धार.”

“बाकीचे वीस?”

“खाली काळा पाषाण हाय. पाणी असतंय फटीत. फट चुकली की धुरळा.”

“मग नुकसान कुणाचं?”

“बोर मालकाचा, गाडीवाल्याचे फुटाचे पैसे मालकाचे. माझे पैसे आधीच घेतलेत. नारळ बी माझाच.”

“रिस्क ट्रान्सफर! धोका दुसऱ्याच्या गळ्यात!” सर अक्षरशः ओरडले. “लातूर, याला म्हणतात उत्तर. लिहून घ्या.”

स्क्रीनभर टाळ्यांची चित्रं. मी उभ्यानंच लिहून घेतलं, कारण खुर्चीच्या जागी काका चुन्यानं फुली मारत होते. माझं भागिले सहा कुणी विचारलंच नाही.

आणि पाण्याचा टक्का कुणाला विचारताय? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं या गावात! साइटच्या धोक्यांच्या रजिस्टरात मी पाणीटंचाई लिहिली होती : शक्यता पाचात चार, परिणाम पाचात पाच, गुणाकार वीस, चौकोन लालभडक. साहेब म्हणाले, “क्लायंटला लाल दाखवतोस का? पिवळं कर.” केलं. टँकर पिवळा चौकोन बघून थोडाच येतो?

त्या रजिस्टरात ‘रिस्क ओनर’, म्हणजे धोक्याचा मालक, असा एक रकाना असतो. साहेबांनी तो स्वतः भरलाय. टँकर आला नाही, मालक मी. सिमेंट महागलं, मालक मी. मजूर ऊसतोडीला गेले, तरी मीच. एवढी मालकी असून परीक्षेची फी वेगळी मागितलीय, तीही या महिन्याच्या पगारातून.