मॅकबेथची बायको कशाला मध्ये आणता?

परवा वडोदऱ्याच्या घरच्या ग्रुपवर शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकावरून जुंपली. दांडिया बाजारातल्या कुणाच्या तरी नातवाने कॉलेजात त्यातला प्रवेश केला होता, त्याचा व्हिडिओ आला आणि बाबूकाकांनी एका ओळीत निकाल लावला : "माणूस चांगला होता, बायकोने बिघडवला." खाली सतरा अंगठे. आक्काने पुस्ती जोडली, "आनंदीबाईच की ती!"

मी स्कॉटलंडमधल्या पर्थला राहतो. नाटकातल्या चालत येणाऱ्या रानाचं बर्नम इथून ए-नाइन रस्त्यावर जेमतेम अर्धा तास. त्यामुळे या विषयावर चार शब्द जास्त बोलायचा हक्क आपल्याला आहे, असं मी धरून चालतो. (गाडी लावायला जागा मिळाली म्हणून नाटक कळत नाही, हेही ठाऊक आहे.)

चेटकिणी भेटतात तेव्हा बायको तिथे नाहीच, ती इन्व्हरनेसला. राजा होशील म्हटल्यावर तो दचकतो आणि सोबतचा सरदार बँको विचारतो, अरे, चांगलं ऐकून घाबरलास का? खुनाचा विचार तिथेच त्याच्या मनात येतो, अंगावर काटा उभा राहतो. बायकोला कळतं ते नंतर, त्याच्याच पत्रातून. मग ती टोचते, भित्रा म्हणते, पहारेकऱ्यांना दारू पाजते, मान्य. पण राजा डंकनवर खंजीर चालवतो कोण? आणि बँकोच्या खुनाच्या वेळी? मारेकरी तो परस्पर ठरवतो आणि तिला सांगतो, तू अजाणच राहा, झाल्यावर शाबासकी दे. विरोधात गेलेल्या मॅकडफची बायकापोरं कापली जातात तेव्हा तर तिला कुणी विचारतही नाही. झोपेत उठून हात चोळत बसते मात्र ती.

खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ राज्य करत होता. डंकन अंथरुणात नव्हे, लढाईत पडला. १०५० साली मॅकबेथ रोमची यात्राही करून आला. ज्याचं राज्य धोक्यात आहे असा माणूस एवढा लांब जात नाही. त्याच्या राणीचं नाव ग्रुओख. नाटकात तेवढंही तिच्या वाट्याला आलं नाही, ती नुसती अमक्याची बायको.

आनंदीबाईचं तेच. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. गारदी बोलावले, पेशवेपद मिळालं, ते राघोबादादांना. लक्षात राहिला 'ध'चा 'मा'.

आणि हे कुठल्या गावाने म्हणावं? बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर याच्या सरबतात विष कुणी घातलं, यावर १८७५ साली मल्हारराव गायकवाडांच्या चौकशीत सहा जण बसले आणि तीन-तीन फुटले. इथल्या कोर्टात वर्षानुवर्षं चाललेला 'शाबीत नाही' हा निकाल आमच्या बडोद्यालाही कळत होता म्हणायचा. राजाला मिळालेला संशयाचा फायदा बायकोला द्यायला काय जातं?

बायकोने विचारलं, "कुणाशी भांडतोयस?" म्हटलं, "बाबूकाकांशी. मॅकबेथवरून." ती म्हणाली, "बरं. उद्या कचऱ्याचा निळा डबा आहे, बाहेर ठेव."

२००४ साली इथला अर्ज मी भरला. रात्री, रावपुऱ्यातल्या सायबर कॅफेत बसून. तिची शाळेतली नोकरी कायम झाली होती. मुलाखत झाल्यावर तिला सांगितलं. आईने मात्र सगळ्यांना सांगितलं, सूनबाईला हौस होती परदेशाची. मी तेव्हा समोरच बसून बशीत चहा ओतत होतो. काही बोललो नाही. नंतरही नाही. सोयीचं होतं.

आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. ओट्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, "काय करणार, तिने नेला ना." ती चार पावलांवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तो ओट्याच्या कडेला ठेवला आणि आत गेली. मी चपला शोधत राहिलो.

ग्रुपवर बँकोचा मुद्दा मी सविस्तर लिहिला, अंकासकट. बाबूकाकांनी हात जोडले. अर्जाचं काही लिहिलं नाही.