बिकिनीचे नारळ आणि ‘सुरक्षित’ हा शब्द

“हिरोशिमात आज लाखो लोक सुखाने राहतात, बिकिनीच्या समुद्रात प्रवाळ पुन्हा फुलले आहे, पर्यटक तेथे डायव्हिंग करून धडधाकट परत येतात, मग तेथील मूळ रहिवासी घरी जात नाहीत ते केवळ अमेरिकेच्या भरपाईवर डोळा ठेवून,” अशा आशयाचा मजकूर बराच काळ फिरतो आहे. बिकिनी हे प्रशांत महासागरातील मार्शल बेटांपैकी एक प्रवाळबेट; अमेरिकेने अणुचाचण्यांसाठी तेथील रहिवाशांना हलवले होते. त्यातील सुट्या गोष्टी बऱ्याच अंशी खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

हिरोशिमाचा दाखला प्रथम बाजूला काढतो, कारण तो सर्वांत कच्चा आहे. तेथील बॉम्ब जमिनीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर फुटला आणि त्याचा अग्निगोल जमिनीला टेकला नाही, त्यामुळे किरणोत्सारी माती फारशी उडून पडली नाही. याउलट 1 मार्च 1954 रोजी बिकिनीत झालेला ‘ब्राव्हो’ स्फोट जवळजवळ जमिनीच्या पातळीवरचा होता. 15 मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. त्याने उडवलेला प्रवाळाचा किरणोत्सारी चुरा आजूबाजूच्या बेटांवर पावडरीसारखा पडला. शिवाय 1946 ते 1958 या काळात एकट्या बिकिनीत एकूण 23 अणुस्फोट झाले.

पर्यटक आठवडाभर राहून सुखरूप येतात, हा मुद्दा अधिक गांभीर्याने घेण्याजोगा आहे. बिकिनीवर नुसते हिंडण्याफिरण्याने आज मोठा धोका संभवत नाही, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही मान्य केलेले आहे. परंतु पर्यटक आपले खाणे बोटीवरून घेऊन येतो आणि बेटकरी ते आपल्या परसातून काढतो, आणि सगळी मेख येथेच आहे. प्रवाळाच्या चुनखडीपासून बनलेल्या त्या जमिनीत पोटॅशियम अत्यल्प असते. स्फोटांतून पडलेले सीझियम-137 हे किरणोत्सारी मूलद्रव्य रासायनिक स्वभावाने पोटॅशियमच्या जवळचे असल्यामुळे उपाशी मुळे तेच ओढून घेतात आणि ते शहाळ्याच्या पाण्यात, खोबऱ्यात, केवड्याच्या जातीतील पँडॅनसच्या फळात आणि नारळ खाणाऱ्या खेकड्यांत उतरते. (माडाला पोटॅश घालणाऱ्या कोकणातल्या बागायतदाराला हे वेगळे समजावून सांगायला नको, बिकिनीतील प्रयोगांतही पोटॅश दिल्यावर नारळातील सीझियम कितीतरी पटींनी घटले.) म्हणूनच याच संस्थेच्या 1998 च्या अहवालाने, सर्व अन्न स्थानिकच असेल तर वर्षाला सुमारे 15 मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) मात्रा मिळेल, असे सांगून त्या स्थितीत कायमची वस्ती करू नये, अशी शिफारस केली. सर्वसामान्य नागरिकांसाठी अणुउद्योगाला घालून दिलेली मर्यादा वर्षाला 1 मिलिसीव्हर्ट आहे.

यावर केरळच्या मोनाझाइटयुक्त (थोरियम असलेल्या खनिजाच्या) किनाऱ्याचे उदाहरण हमखास पुढे येते: तेथेही काही ठिकाणी किरणोत्सर्ग बराच आहे आणि लोक पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत. खरे आहे, पण तेथील मात्रा मुख्यतः वाळूतील थोरियममुळे बाहेरून मिळते, तर बिकिनीत ती ताटातून शरीरात जाते. तेव्हा किरणोत्सर्ग मोजणारे यंत्र हवेत धरून मिळालेला आकडा बिकिनीबद्दल निम्मीच गोष्ट सांगतो.

“70 वर्षांत सारे विरून गेले असेल” हेही अर्धसत्य आहे. सीझियमचे अर्धायुष्य (साठा निम्मा होण्याचा काळ) सुमारे 30 वर्षे, म्हणजे 1954 मधल्या साठ्याचा साधारण पाचवा हिस्सा अजून उरलेला असणार. पावसाबरोबर काही भाग खोल झिरपतो आणि प्रत्यक्ष घट याहून वेगाने होते, हे मात्र कबूल करायला हवे.

आता “लोक परततच नाहीत” या आरोपाकडे येऊ. ते परतले होते. 1968 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी बिकिनीवासीयांना परत जाता येईल असे जाहीर केले, साफसफाई झाली, नवे माड लावले गेले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबे तेथे राहायला गेली. लोक स्थानिक नारळ किती खातील, याचा अधिकाऱ्यांचा अंदाज फार कमी निघाला; रहिवाशांच्या शरीरातील सीझियम झपाट्याने वाढले आणि 1978 मध्ये सर्व 139 जणांना पुन्हा हलवावे लागले. शेजारच्या रोंगेलॅपवर तर ‘ब्राव्हो’ची राख माणसांच्या अंगावरच पडली होती. त्यांना 1957 मध्ये परत आणून बेट राहण्याजोगे असल्याचे सांगण्यात आले. पुढे त्यांच्या मुलांमध्ये थायरॉइडच्या गाठी आढळत गेल्या आणि 1985 मध्ये 300 हून अधिक रहिवासी सरकारची वाट न पाहता ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या जहाजातून स्वतःच निघून गेले. दोनदा मिळालेले आश्वासन दोनदा खोटे ठरल्यावर तिसऱ्या खेपेस संशय घेणाऱ्याला लोभी ठरवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

राहिला भरपाईचा प्रश्न. अणुचाचण्यांच्या भरपाईचे दावे ऐकण्यासाठी नेमलेल्या अणुदावे न्यायाधिकरणाने 2001 मध्ये बिकिनीवासीयांना 56 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली, पण न्यायाधिकरणाच्या निधीत तेवढा पैसाच नव्हता आणि त्यातला अगदी किरकोळ भाग हाती पडला. विस्थापितांच्या मोठ्या गटाच्या वाट्याला 1948 पासून आलेले किली हे बेट एक चौरस किलोमीटरहूनही लहान आहे आणि त्याला बिकिनीसारखे शांत खाजण नसल्यामुळे, समुद्र खवळलेल्या महिन्यांत तेथे होडीही घालता येत नाही.